लग्नाला ल्विवला जायचंय, विमा कुठला घेऊ?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून)

सेहेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनी आठ वर्षं एका युक्रेनियन सहकारी मैत्रिणीबरोबर ऑनलाइन काम करतात. प्रत्यक्ष भेट कधीच झालेली नाही. मैत्रिणीचं लग्न ल्विवमध्ये ठरलंय आणि यांना जायचंय. बेत नऊ दिवसांचा आहे: विमानाने पोलंड, तिथल्या सीमेजवळच्या प्शेमिशलहून रेल्वेने ल्विव, लग्न, मग दोन दिवस कीव्ह पाहून त्याच वाटेने परत. युक्रेनच्या व्हिसाचं काम झालंय, शेंगेन व्हिसाचा (पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज भरायचाय.

विम्याची तीन कोटेशनं आली आहेत. पहिलं नेहमीच्या ‘जगभर चालणाऱ्या’ प्रवास पॉलिसीचं, ४२ युरो. दुसरं एका युक्रेनियन कंपनीचं, युद्धजोखीम धरून, विमा रक्कम ३०,००० युरो, प्रीमियम ३८ युरो. तिसरं एका ब्रोकरने आणलेलं, ‘युद्धजोखीम समाविष्ट’, ६४० युरो. नवरा म्हणतो, “क्षेपणास्त्र पडलंच तर विमा काय कामाचा? ४२ वाली घे.” भाऊ म्हणतो, “जायचंच असेल तर ६४० वाली घे, नाहीतर जाऊ नकोस.” त्या स्वतः लिहितात: “३८ युरोत युद्धाचा विमा मिळतो हेच मला संशयास्पद वाटतं. सगळ्यात महाग घेतली तर निदान घरचे तरी निर्धास्त होतील ना? ता.क. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण ते फॉर्ममध्ये लिहिलं नाही, तसा त्रास काही नाही.”

उत्तर

ही तीन कोटेशनं तुम्ही एकाच वस्तूच्या तीन किमती समजून एकाखाली एक मांडली आहेत. घोळ तिथेच झालाय. या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत आणि त्यातली एकही एकटी पुरत नाही. महाग-स्वस्त बाजूला ठेवा आणि आधी कुठली पॉलिसी कुठल्या प्रसंगी पैसे देणार नाही ते पाहा. आकडा त्यावरूनच ठरलेला असतो.

४२ युरोवालीपासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. नेहमीच्या प्रवास विम्यात युद्धाचं एक कलम असतंच. शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात, साचा तोच: युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, लढाईच्या कारवाया (युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो), यादवी, बंड, लष्करी सत्ता, यांतून ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे’ जे उद्भवेल ते भरून मिळणार नाही. रशिया २४ फेब्रुवारी २०२२ पासून या प्रकाराला ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हणत आलाय. कंसातल्या तुकड्यामुळे विमा कंपनीला त्या नावाने काही फरक पडत नाही. आणि पॉलिसीच्या जाहिरातीत ‘दहशतवाद समाविष्ट’ असं ठळक लिहिलेलं असलं तरी भुलू नका. एका देशाच्या सैन्याने डागलेलं क्षेपणास्त्र दहशतवादाच्या कलमात बसत नाही, ते युद्धाच्या कलमात जातं.

यावर तुमचा नवरा म्हणेल, युद्धाचं सोडा, साध्या आजारपणाला तरी चालेल ना? कदाचित चालेल, कदाचित नाही. काही पॉलिसी फक्त युद्धामुळे झालेली इजा वगळतात आणि बाकी आजार धरतात. काहींमध्ये वगळलेल्या देशांची यादीच असते आणि त्यात युक्रेन असलं तर ‘जगभर’ या शब्दाला अर्थ उरत नाही. तिसरा प्रकार सर्वांत फसवा: तुमच्या सरकारने ‘तिथे जाऊ नका’ अशी सूचना दिलेली असताना गेलात तर त्या भागापुरती सगळी पॉलिसी निष्प्रभ. ब्रिटनचं परराष्ट्र खातं ‘कुठलाही प्रवास नको’ आणि ‘अत्यावश्यक सोडून प्रवास नको’ अशा दोन पायऱ्या वापरतं, अमेरिकेची सर्वांत वरची पायरी चौथी. कुठल्या देशाची कुठली पायरी तुमच्या पॉलिसीला लागू होते, हे पॉलिसीतच लिहिलेलं असतं. या तिसऱ्या प्रकारात ल्विवमध्ये अपेंडिक्स फुटलं तरी बिल तुमचंच.

ऑनलाइन फॉर्मने युक्रेन निवडू दिलं आणि पैसेही घेतले, म्हणजे कंपनीने जोखीम स्वीकारली असं समजू नका. फॉर्म फक्त हप्ता मोजतो. कलमं वाचायची वेळ क्लेम आल्यावर येते आणि तेव्हा ती कंपनी वाचते.

मग ४२ युरो फुकट का? अजिबात नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच आणि पोलंडमधल्या दिवसांसाठी ही पॉलिसी योग्य आहे. फक्त त्याच कामाला ती घ्या. आणि हात जोडून एक सांगणं: शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा मागा. तुम्ही पोलंडमध्ये शिरणार, युक्रेनला जाण्यासाठी शेंगेनमधून बाहेर पडणार आणि पुन्हा शिरणार. एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तर प्शेमिशलहून बाहेर पडलात की तो संपला. उपचारासाठी तुम्हाला घाईने पोलंडला हलवायची वेळ आली तर हा संपलेला व्हिसा किती महाग पडेल, ते पुढे येईलच.

आता ‘अप्रत्यक्षपणे’ या शब्दाकडे वळू. समजा, ल्विवमध्ये रात्री दोन वाजता हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. वीज गेलेली आहे, लिफ्ट बंद. तुम्ही चौथ्या मजल्यावरून मोबाइलच्या उजेडात तळघराकडे निघालात आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरी चुकून घोट्याचं हाड मोडलं. क्षेपणास्त्र शंभर किलोमीटर पलीकडे पाडलं गेलं, तुमच्या इमारतीला ओरखडाही नाही. हा जिन्यावरचा अपघात की युद्धातला? भोंगा नसता तर तुम्ही त्या वेळी जिन्यात नसता, वीज गेली ती वीजकेंद्रांवरच्या हल्ल्यांमुळे. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द असलेली कंपनी इथे नाही म्हणू शकते, आणि तिच्या बाजूने ते तर्काला धरूनच आहे.

हाच जिना तुमच्या प्रत्येक कोटेशनला लावून पाहा. युद्धग्रस्त देशात गेलेल्या पाहुण्याला काय होतं? बहुतेक वेळा तेच, जे कुठल्याही प्रवासात होतं: पाय मोडतो, गाडीला अपघात होतो, पोट बिघडतं, छातीत दुखतं. फरक इतकाच, की प्रत्येक गोष्टीला युद्धाची एक कड चिकटलेली असते आणि वाद त्या कडेवरून होतो. नवऱ्याचं क्षेपणास्त्राचं वाक्य म्हणून चुकीच्या जागी नेम धरतं. थेट स्फोटात सापडण्यापेक्षा अंधारातला जिना कितीतरी जवळचा आहे.

३८ युरोवालीवर तुमचा संशय आहे, तो थोडा बाजूला ठेवा. ती स्वस्त का आहे याची कारणं साधी आहेत. विमा रक्कम ३०,००० युरोच आहे, उपचार तिथल्याच रुग्णालयात व्हायचे आहेत आणि तिथला खर्च पश्चिम युरोपपेक्षा पुष्कळ कमी. मृत्यूबद्दलची रक्कम छोटी असते, मायदेशी नेण्याची सोय बहुधा नसते किंवा नावापुरती असते. पण स्थानिक पॉलिसीचा जो गुण आहे तो बाहेरच्या कुठल्याच कंपनीकडे सहसा नसतो: फोन उचलणारा माणूस त्याच भाषेत दवाखान्याशी बोलतो, कुठलं रुग्णालय आज चालू आहे हे त्याला ठाऊक असतं आणि बिल थेट भरलं जाण्याची शक्यता जास्त. ८ जुलै २०२४ ला कीव्हमधल्या ओखमातदित बालरुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं. बाहेरच्या कंपनीच्या वेबसाइटवरची ‘नेटवर्क रुग्णालयांची’ यादी किती जुनी आहे, हा प्रश्न अशा देशात फार खरा असतो.

कंपनी खरी आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. १ जुलै २०२० पासून युक्रेनमधल्या विमा कंपन्यांवर देखरेख तिथल्या नॅशनल बँकेची आहे आणि परवानाधारकांची नोंद बँकेच्या संकेतस्थळावर मिळते. पॉलिसीवर छापलेलं कंपनीचं कायदेशीर नाव (विकणाऱ्या पोर्टलचं नव्हे) तिथे शोधा. नाव सापडलं नाही तर विषय संपला.

सापडलं, तर पॉलिसीत तीन गोष्टी पाहा. एक, ३०,००० ही एकूण रक्कम आहे, पण युद्धाने झालेल्या इजेसाठी आत वेगळी, छोटी मर्यादा आहे का? असली तर तुमच्यासाठी विमा रक्कम तीच समजा. दोन, भौगोलिक मर्यादा. युक्रेन सरकार लढाईच्या प्रदेशांची अधिकृत यादी काढतं: जिथे लढाईची शक्यता आहे, जिथे ती चालू आहे आणि जो भाग तात्पुरता ताब्यात गेलाय. विमा कंपन्या या यादीकडे बोट दाखवून मोकळ्या होतात. ल्विव आघाडीपासून फार दूर आहे, पण यादी बदलत असते. प्रवासाच्या आठवड्यात पुन्हा पाहा. तीन, पैसे कुठल्या चलनात? विमा रक्कम युरोत लिहिलेली असली तरी भरपाई रिव्नियात (युक्रेनच्या चलनात), ठरावीक दिवसाच्या अधिकृत दराने मिळू शकते.

आता ६४०. इथे तुमच्या भावाला एक गणित दाखवा. विशेष जोखमीच्या पॉलिसीत दोन वेगळे भाग एकत्र शिवलेले असतात. अपघाती मृत्यू-अपंगत्वाचा भाग विमा रकमेवर चढतो: दर हजारी अमुक, दर आठवड्याला. वैद्यकीय आणि बाहेर काढण्याचा भाग बहुधा माणशी, दर आठवड्याला ठोक असतो. तुमच्या कोटेशनमध्ये अपघाताची रक्कम २,५०,००० युरो लिहिली आहे. हिशेब समजायला दर हजारी १ युरो आठवड्याला धरू (खरा दर ब्रोकरकडून मागून घ्या, तो भागागणिक आणि महिन्यागणिक हलतो). एका आठवड्याचे २५० झाले. नऊ दिवस म्हणजे दोन आठवडे मोजले जातात, म्हणून ५००. उरलेले १४० वैद्यकीय भागाचे.

म्हणजे तुम्ही जे ६४० मोजणार, त्यातले सुमारे चार पंचमांश तुम्ही परत न येण्याच्या किंवा कायमच्या अपंगत्वाच्या शक्यतेसाठी आहेत आणि जिन्यावरून पडलेल्या बाईसाठी १४०. घरात तुमच्या मिळकतीवर लहान मुलं, कर्ज असं अवलंबून असेल तर मोठ्या रकमेला अर्थ आहे. तसं नसेल, किंवा तुमचा आयुर्विमा युद्ध वगळत नसेल (ते कलम आधी वाचा, बऱ्याच आयुर्विम्यांत युद्ध वगळलेलं असतं), तर ब्रोकरला सांगा: अपघाताची रक्कम ५०,००० वर आणा, वैद्यकीय आणि इव्हॅक्युएशन (बाहेर काढणं) तसंच ठेवा.

दुसरी काटछाट दिवसांची. युद्धजोखमीचे दिवस फक्त युक्रेनमधले मोजायचे. पोलंडमधल्या दिवसांना ४२ वाली आहे. कीव्ह गाळलंत तर आतले दिवस सहावर येतात आणि एकाच आठवड्याच्या पट्टीत बसतात. वर एक दिवस शिल्लक राहतो, तो तसाच राहू द्या. गाड्या उशिरा धावतात आणि पॉलिसी मध्यरात्री संपली, गाडी मात्र सीमेच्या अलीकडेच उभी, हा प्रसंग काल्पनिक नाही. वरच्याच दराने मोजलं तर ५० अधिक ७०, म्हणजे १२० युरो. कंपनीचा किमान प्रीमियम आडवा येईल आणि आकडा तिथपर्यंत उतरणार नाही, पण ६४० वरून बराच खाली येईल.

दर हलतो म्हणजे कसा, याचं एक उदाहरण देण्याचा मोह होतो. १२ फेब्रुवारी २०२२ ला, युद्ध सुरू व्हायच्या बारा दिवस आधी, पोर्तुगालच्या मदेरा बेटाहून कीव्हला निघालेलं एक प्रवासी विमान मोल्दोव्हात उतरवावं लागलं, कारण ते भाड्याने देणाऱ्या मालक कंपनीने युक्रेनच्या हद्दीत शिरायला मनाई केली. जोखमीचे पैसे लावणारी माणसं तोफेच्या आधी हलतात. तुम्हाला आज मिळालेलं कोटेशन किती दिवस वैध आहे, हे म्हणून विचारून ठेवा.

या महाग पॉलिसीत दोन कलमं मुद्दाम शोधा. पहिलं पाच महासत्तांचं: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, चीन यांच्यापैकी कुणामध्ये आपसात युद्ध सुरू झालं तर संरक्षण आपोआप संपतं. जहाजं आणि विमानांच्या युद्धविम्यात हे कलम नेहमीचंच. विशेष जोखमीच्या व्यक्तिगत पॉलिसींतही दिसतं. या युद्धात रशिया आधीच एक बाजू असल्यामुळे इथे ते नुसतं शोभेचं नाही. दुसरं, कंपनीला मुदतीआधी पॉलिसी रद्द करायचा अधिकार. सात दिवसांची नोटीस असेल तर तुमची सहा दिवसांची भेट तरून जाते. चोवीस तासांची असेल तर मी ती पॉलिसी घेणार नाही.

‘निष्क्रिय युद्धजोखीम’ असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ: तुम्ही लढाईत कुठल्याही प्रकारे सहभागी नसताना सापडलात तर. युरोपातल्या बऱ्याच साध्या पॉलिसींत हीच जोखीम दुसऱ्या अटीवर असते, की युद्ध तुम्ही तिथे असताना अचानक सुरू व्हायला हवं आणि मग बाहेर पडायला सात किंवा चौदा दिवस मिळतात. माहीत असलेल्या युद्धात स्वतःहून जाणाऱ्याला ती लागू नाही. तुमच्याकडे हवी ती पहिली. आणि लग्नातल्या कुणी “येताना आघाडीवरच्या मुलांसाठी एवढी बॅग आणशील का?” असं विचारलं तर मन मोठं असलं तरी आधी पॉलिसी वाचा. सैन्यासाठी सामान नेणं सहभागात मोडतं की नाही, हा वाद तुम्हाला नकोय.

आता बाहेर काढण्याबद्दल, कारण खरे पैसे इथे अडकतात. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. माहितीपत्रकावर कितीही सुंदर एअर अँब्युलन्स रंगवलेली असो, ती ल्विवला उतरणार नाही. होईल ते असं: ल्विवच्या डॉक्टरांनी ‘प्रवास करण्यायोग्य’ असा कागद द्यायचा, पलीकडच्या रुग्णालयाने खाट देतो असं कळवायचं, कंपनीच्या डॉक्टरने मंजुरी द्यायची, मग जमिनीवरची अँब्युलन्स ७०-८० किलोमीटर जाऊन सीमेवर थांबणार. तिथे तुमचा पासपोर्ट आणि तो दोन प्रवेशांचा व्हिसा. पुढे पोलंडमधल्या जेशुफचा विमानतळ, तोही गरज असली तर. या साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्यांचा उपयोग नाही, आणि मंजुरीआधी स्वतः अँब्युलन्स ठरवलीत तर तो खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. शब्दही नीट वाचा: ‘जवळच्या योग्य रुग्णालयात’ हलवू असं असतं, ‘घरी’ असं नसतं. ल्विवमध्ये चांगली रुग्णालयं आहेत. कंपनीचा डॉक्टर म्हणेल, योग्य रुग्णालय हेच.

‘सिक्युरिटी इव्हॅक्युएशन’ नावाचा आणखी एक डबा कोटेशनमध्ये दिसेल. त्याचा चाप कशाने ओढला जातो ते बघा. बहुधा ‘तुमच्या मुक्कामात सरकारने देश सोडायची सूचना दिली तर’ असं असतं. सूचना आधीच सर्वांत वरच्या पायरीवर असेल तर ती आणखी वर कुठे जाणार? तो चाप कधीच ओढला जाणार नाही आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेले असतील. हा भाग काढून किंमत मागा.

कीव्हबद्दल: विमा कंपनीच्या पट्टीत ल्विव आणि कीव्ह एकाच दराचे असतील, म्हणून दोन्ही सारखेच असं वाटेल. कीव्ह ते ल्विव साधारण ५४० किलोमीटर. ल्विवहून सीमा दीड-दोन तासांवर आहे. कीव्हहून जखमी माणसाला आणायचं तर आख्खा दिवस, मधे संचारबंदी, जी कीव्हमध्ये मध्यरात्री ते पहाटे पाच असते. ल्विव सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही, ६ जुलै २०२३ च्या हल्ल्यात तिथे माणसं गेली आहेत. पण लग्न ल्विवला आहे आणि कीव्ह फक्त ‘आलोच आहोत तर’ म्हणून आहे. या दोन कारणांचं वजन सारखं नाही. लग्नच पोलंडला घ्या, असंही सुचवलं असतं, पण मार्शल लॉमुळे लढाईच्या वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडता येत नाही, तेव्हा नवरदेवाचा प्रश्न येईल.

ता.क. मधलं वाक्य मात्र पत्राच्या सुरुवातीला हवं होतं. रक्तदाबाची गोळी फॉर्ममध्ये लिहिलेली नाही. तुम्ही युद्धाच्या कलमावर तीन पानं लिहिलीत, आणि क्लेम नाकारला जायचं सर्वांत सोपं कारण तुमच्या पर्समध्ये आहे. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तर पहिला कागद मागतील तो जुन्या आजारांचा. तिन्ही ठिकाणी ते जाहीर करा, गोळीचं नाव आणि मात्रा लिहा, लेखी स्वीकृती घ्या. प्रीमियम वाढला तर वाढू दे.

ब्रोकरला आणि युक्रेनियन कंपनीला आज एक ईमेल पाठवा. फोन नको, लेखी उत्तर हवं. मजकूर साधारण असा:

“मी अमुक तारखांना ल्विवला पर्यटक म्हणून राहणार आहे, सैन्याशी संबंध नाही, पोलंडमधून रेल्वेने येणार-जाणार. मला रक्तदाब आहे, औषधाचा तपशील सोबत जोडला आहे. कृपया कलम क्रमांकासह कळवा: हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यात आसऱ्याकडे जाताना पडून हाड मोडलं तर खर्च मिळेल का? युद्धाशी संबंध नसलेला आजार धरला आहे का, आणि सरकारी प्रवास-सूचनेमुळे त्यावर परिणाम होतो का? युद्धाने झालेल्या इजेला वेगळी मर्यादा किती? रुग्णालयाचं बिल थेट भरता की मी भरून मागायचं? जमिनीवरच्या अँब्युलन्सने पोलंडला हलवणं धरलं आहे का, मंजुरी कोण आणि किती वेळात देतं?”

“आमची पॉलिसी सर्वसमावेशक आहे” असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. कलम क्रमांक आला तर पुढे बोला.

माझा कौल असा: शेंगेनसाठी ४२ ची. युक्रेनमधल्या दवाखान्यासाठी ३८ ची, जिन्याच्या प्रश्नाला होकार आल्यावर. आणि ६४० ची काटून-छाटून, पोलंडला जमिनीवरून हलवणं लेखी असेल तरच. नसेल तर ती सोडा आणि तेवढे पैसे, वर दीड-दोन हजार युरोंची सोय, वेगवेगळ्या बँकांच्या दोन कार्डांवर ठेवा. एकाच उपचाराच्या खर्चाचे पैसे दोन कंपन्यांकडून दोनदा मिळत नाहीत, म्हणून दोघींनाही दुसऱ्या पॉलिसीची कल्पना द्या. मृत्यू-अपंगत्वाची ठरीव रक्कम मात्र सहसा दोन्हीकडून मिळू शकते. क्रेडिट कार्डाबरोबर आलेल्या फुकट विम्यावर भिस्त ठेवू नका, त्यात युद्ध बहुधा वगळलेलंच असतं. ‘प्रवास रद्द झाला तर’ हा भागही इथे निरुपयोगी; विमा घेताना माहीत असलेल्या युद्धामुळे बेत बदलला तर भरपाई मिळत नाही. तिकिटं परत करता येतील अशीच काढा.

खरेदी सीमा ओलांडण्याआधी. आत गेल्यावर परदेशी कंपन्या बहुधा विकत नाहीत आणि विकत घेता आली तरी पहिले काही दिवस संरक्षण सुरू होत नसल्याचं कलम असू शकतं.

काही झालंच तर क्रम लक्षात ठेवा. युक्रेनमध्ये अँब्युलन्सला १०३, एकत्रित आणीबाणी क्रमांक ११२. त्यानंतर लगेच पॉलिसीवरचा असिस्टन्सचा (मदतसेवेचा) नंबर. हा बहुधा विमा कंपनीचा नसतो, वेगळ्या संस्थेचा असतो, आणि फोन लागत नसेल तर मेसेज किंवा ईमेल टाका, म्हणजे वेळेची नोंद राहते. कळवायची मुदत काही ठिकाणी चोवीस तासच असते. रुग्णालयातून निघताना शिक्का असलेला डिस्चार्जचा कागद, निदान, औषधांची यादी आणि बिलं मूळ प्रतीत घ्या. इजा हल्ल्यात झाली असेल तर पोलिसांकडे नोंद करा आणि फौजदारी तपासांच्या एकत्रित नोंदवहीतला उतारा मागा. मैत्रिणीला हे आधीच सांगून ठेवा, भाषेमुळे हे काम तिलाच करावं लागेल. पुरावा म्हणून हल्ल्याच्या जागेचे फोटो काढत बसू नका. असे फोटो-व्हिडिओ लगेच पसरवण्यावर तिथे निर्बंध आहेत आणि स्थानिक कायदा मोडला की पॉलिसीलाही निमित्त मिळतं. संचारबंदीत बाहेर राहण्याचंही तेच.

आणि घरी कागद ठेवून जा. क्लेम करायची वेळ खरंच वाईट असली तर तो तुम्ही करणार नाही, नवरा किंवा भाऊ करेल. तिन्ही पॉलिसींच्या छापील प्रती, असिस्टन्सचे नंबर देशाच्या कोडसह, ल्विवचा पत्ता, मैत्रिणीचा आणि तिच्या घरातल्या आणखी एकाचा नंबर, नॉमिनीचं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे आहे ना ते तपासून. पीडीएफला पासवर्ड असेल तर तोही त्याच पाकिटावर लिहा.